विमानात मावणारी गिटार

सौभाग्यवतीस,
लेकीच्या घरून सप्रेम आठवण.

तुझा गुडघा कसा आहे? मी ठणठणीत आहे. परवा फोनवर तू तीनदा म्हणालीस, "व्याही काय सुरेख गिटार वाजवतात हो!" मी चाळीस वर्षं शाळेतल्या कविता म्हणून दाखवल्या, तेव्हा तू कूस बदलायचीस.

म्हणून काल गिटार घेतली, परतताना विमानात डोक्यावरच्या कप्प्यात मावेल अशी. निवडायला नेमके व्याहीच सोबत आले. मी चकाकी बघत होतो. ते म्हणाले, "व्याहीबुवा, डोळे मिटून ऐका." अंगाने लहान, पण आवाजाने भरदार अशी त्यांनीच निवडली. लिहितानाही जळफळाट होतो.

आता शिकवायला आपल्याकडे यायचं म्हणतात. मी सांगितलंय, पाहुण्यांची खोली गळते. फोनवर तू वेगळं काही बोलू नकोस.

तुझ्या कौतुकाचा भुकेला,
मीच