मल्लाप्पाशिवाय इंजिन

शनिवार, ५ एप्रिल. संध्याकाळी ६
पन्हाळ्याच्या चढाला गाडी तापली. बॉनेटमधून वाफच वाफ. सौ. संयोगिता म्हणाली, मल्लाप्पाला बोलवा. बोलावलं. शाहूपुरीतला आमचा मेकॅनिक. अठरा वर्षं गाडी त्याच्याच हातात, घरातलाच माणूस म्हणायचा. आला, पाईप चाचपले आणि म्हणाला, "काय न्हाय सर, थर्मोस्टॅट अडकलाय. पाण्याची वाट उघडणारी एवढीशी झडप असती. बदलली की झालं. सोमवारी गाडी सोडा."
पाणी भरून हळूहळू घरी आलो. एवढी वाफ, आणि एवढीशी झडप? मी हायस्कूलला विज्ञान शिकवतो हे तो विसरला असावा.

रविवार, ६ एप्रिल
सकाळपासून सात व्हिडिओ पाहिले. सातही जण म्हणतात, गाडी तापली म्हणजे हेड गॅस्केट जळली. इंजिनचं डोकं आणि धड यांच्यामधली ही पातळ चकती. ती बदलायला इंजिन उघडावंच लागतं. म्हणजे मल्लाप्पाने मोठा आजार लपवून छोटा सांगितला! गाडी पुन्हा पुन्हा त्याच्याच दारात यावी म्हणून. अठरा वर्षं विश्वास ठेवला. फार लागलं मनाला.
निर्णय: इंजिन स्वतः उघडणार. मुदत शनिवार १९. सोमवारी २१ला सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, आदल्या दिवशी त्यांना शाहूवाडीहून आणायचंय. हातात तेरा दिवस. व्हिडिओतला माणूस अडीच तासांत करतो.
प्रत्येक चूक इथे लिहायची आणि तिच्यातून शिकायचं. मल्लाप्पाला कळवायचं नाही. संयोगिताला तशी ताकीद दिली. ती हसली. होकार असावा.

बुधवार, ९ एप्रिल
चूक: रेडिएटरचं पाणी काढताना खाली बादली ठेवायची राहिली. हिरवं पाणी वाहत शेजारच्या विठाबाईंच्या रांगोळीवर गेलं. शिकलो, आधी बादली. विठाबाई मात्र काही शिकायला तयार नाहीत. अजून बोलताहेत.

शनिवार, १२ एप्रिल
हेड उतरलं! एकट्याने! सुटलेला एकेक भाग स्टीलच्या डब्यात, डब्यावर चिठ्ठी. अकरा डबे. व्हिडिओवाला म्हणतो फोटो काढा. ज्यांना लक्षात राहत नाही त्यांनी काढावेत.
गॅस्केट उन्हात धरून पाहिली. जळल्याची खूण दिसली नाही. म्हणजे आतून जळली असणार.

रविवार, १३ एप्रिल
विश्वासघात. आणि तोही घरातून.
संयोगिताच्या महिला मंडळाला डबे हवे होते. तिने अकराच्या अकरा डबे एका पातेल्यात ओतले, घासले आणि चिवडा भरून घेऊन गेली. चिठ्ठ्या मोरीत. जाब विचारला तर म्हणते, "लोखंडच हाय की सगळं." अठ्ठावीस वर्षांचा संसार!
नऊ बोल्ट ओळखू आले. बाकीचे माझ्याकडे अनोळखी माणसासारखे बघतात.

बुधवार, १६ एप्रिल
नवी गॅस्केट बसवली. बोल्ट किती आवळायचा ते दाखवणारा आकड्यांचा पाना आणला. व्हिडिओत ऐंशी, म्हणून मीही ऐंशी लावला. तिसरा बोल्ट कट्‌ करून तुटला. अर्धा आत राहिला.
मग पान्यावरची बारीक अक्षरं वाचली. ऐंशी खरं, पण फूट-पाउंड, म्हणजे सव्वापटीहून जास्त जोर. व्हिडिओतले न्यूटन-मीटर. एकक न लिहिणाऱ्या पोरांचे मी मार्क कापतो. ही गोष्ट शाळेत जाता कामा नये.
उरलेल्या बोल्टांवर हेड घट्ट बसलंय. कंपनीवाले तसेही गरजेपेक्षा जास्त लावतात.

शनिवार, १९ एप्रिल. सकाळी ११
आज टायमिंग बेल्ट. इंजिनचा वरचा भाग आणि खालचा भाग एका तालात फिरवणारा हा दातेरी पट्टा. तो नेमका कुठे बसतो त्याच्या खुणा करून ठेवल्या होत्या. काल डिझेलने सगळं लख्ख पुसलं, त्यात खुणाही गेल्या. स्वच्छतेची सवय नडते कधीकधी. अंदाजाने बसवला. एखादा दाता इकडेतिकडे झाला असेल.

१२.१०
संयोगिताला बाहेर बोलावलं. किल्ली फिरवली. टक्. टक्-टक्. टकाक्. मग शांतता. विठाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

१२.४०
पट्टा चुकला तर आतले व्हॉल्व वाकतात आणि इंजिन कामातून जातं, असं व्हिडिओवाल्याने सांगितलंय. शेवटच्या मिनिटाला! शेवटचं मिनिट कोण बघतं? सरळसरळ फसवणूक.
संयोगिताने विचारलं, उद्या आईला कसं आणायचं? मी म्हणालो, एसटी आहे. ती म्हणाली, एका डोळ्यानं दिसत नाही, दुसऱ्यानं अंधुक, गुडघे गेलेत. एसटीच्या पायऱ्या ती कशी चढणार? मी म्हणालो, बघू काहीतरी. ती आत गेली आणि कुणाला तरी फोन लावला.

रविवार, २० एप्रिल. दुपारी ४
गॅलरीतून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. दारात पांढरी गाडी थांबली. स्टिअरिंगवर मल्लाप्पा! मागच्या सीटवर संयोगिता आणि सासूबाई. त्याने सासूबाईंना हात धरून उतरवलं, "आता पायरी हाय आई, आता दुसरी," असं म्हणत वर आणलं. माझं दार, माझी सासू, आणि गाडी त्याची.
मी आंघोळीला गेलो. बाहेर आलो तोवर तो गेला होता. चहाही न घेता.
माझ्या पाठीमागे हे सगळं ठरलं. दोघांनी मिळून.

मंगळवार, २२ एप्रिल
काल ऑपरेशन नीट झालं. जातायेता मल्लाप्पाचीच गाडी. मी पुढच्या सीटवर, मांडीवर रिपोर्टची फाईल. येताना सासूबाई पट्टीआडून म्हणाल्या, "पावणं, लई झ्याक चालवता की गाडी." मी "आभारी आहे" म्हणून मोकळा झालो. त्या त्याला म्हणत होत्या.

रविवार, २७ एप्रिल
संयोगिताने त्याला बोलावलं. मला विचारलं नाही.
त्याने ताडपत्री उचलली आणि इंजिनाकडे बघत उभा राहिला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मग पातेल्यात हात घालून तो थर्मोस्टॅट शोधून काढला. म्हणाला, "वैनी, एक जुनं भांडं द्या. पाणी उकळायचं हाय."
गॅसभोवती आम्ही चौघं. सासूबाई काळा चष्मा लावून. झडप पाण्यात टाकली. मी समजावून सांगितलं की हिच्यात मेण असतं, उष्णतेने ते प्रसरण पावतं आणि झडप उघडते. पाणी खळाखळा उकळत होतं. झडप मिटलेली. मी म्हणालो, थोडं थांबू. थांबलो. मिटलेलीच. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "पाणी आटाय लागलं की." मल्लाप्पाने गॅस बंद केला.
मग दोरी बांधून गाडी गॅरेजला ओढत नेली. मी स्टिअरिंगवर. तिथे तो खाली वाकून दोरी सोडत होता, तेव्हा बोलून टाकलं की मल्लाप्पा, मला वाटलं होतं तू मला फसवतोयस.
"म्हाईत हाय की सर," तो गाठ सोडता सोडता म्हणाला. "वैनींनी पयल्याच दिवशी सांगितलंतं."
मग तरी शाहूवाडीला का गेलास?
"म्हातारीला दिसत न्हवतं न्हवं."
इंजिनला महिना तरी लागेल म्हणाला. हात पुसले, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "सुट्टी लागस्तवर शाळेत मी सोडू काय, सर?"
नको म्हणायला गेलो आणि होकाराची मान हलवली. घरी चालत आलो.