पातेल्यातलं पिऊ नका

आत्या,

गॅसवरच्या पातेल्यात काढा न्हाई. काल तुमी त्यातलं कपभर प्यालासा, म्हणून लिहून ठेवतीय. संत्र्याच्या साली, लवंगा आन् दालचिनी नुसत्या घरात वास दरवळावा म्हणून उकळाय ठेवल्यात. पाणी आटलं तर वाईच घाला.

कारखान्याच्या मळीचा वास दर हंगामाला येतो, मला कवा त्रास झाला न्हाई. यंदाच का मळमळतंय, ह्याचं लय नवल वाटतंय. तेच बघायला उंब्रजला डॉक्टरीणबाईंकडं चाललीय.

तुमच्या लेकाचा पलटणीतनं फोन आला तर बाजारला गेलीय म्हणा. मागल्या खेपंला आपण घाई केली आन् त्यांनी तिकडं पेढे वाटले.

माघारी आल्यावर दोघींचा चहा मीच टाकते, बातमी कसली का असंना.

संयोगिता