दादांच्या खुर्चीचा वेग

३ नोव्हेंबर, कामोठे
दादांच्या बॅटरीवरच्या चाकाच्या खुर्चीचा कंट्रोलर, मोटरचा वेग सांभाळणारा भाग, जळला. कळंबोलीच्या दुरुस्तीवाल्याने हात वर केले, हा पार्ट आता येतच नाही. आठ दिवस दादा घरात. लकव्याने उजवं अंग गेल्यापासून बाहेर जाणं एवढंच त्यांचं उरलं होतं.
मी कॉलेजात पोरांना इलेक्ट्रॉनिक्सच शिकवते. मग घरात वडिलांसाठी का नाही?

५ नोव्हें.
ड्रॉवरमधल्या चिपमध्ये पीडब्ल्यूएम, म्हणजे करंट भराभर चालू-बंद करून वेग ठरवायची सोय, नाही; पण दोन व्होल्टेज ताडून बघणारा अॅनालॉग कम्पॅरेटर आहे. रेझिस्टर-कपॅसिटरने करवतीसारखी लाट बनवली. वेगाच्या नॉबचं व्होल्टेज लाटेच्या वर असेल तेवढाच वेळ करंट. नॉब फिरवला, बल्ब हळूहळू उजळला. मी टाळ्या वाजवल्या.
दादा : "बल्ब नको दावू बाय. चाक फिरव."

६ नोव्हें.
चाक फिरलं. मग अचानक हिसका. खुर्ची उंबऱ्यावर आदळली, दादांचा उजवा पाय मध्ये. त्यांना काहीच जाणवलं नाही, खाली रक्त बघून कळलं.
आईने जखम धुऊन पट्टी बांधली. माझ्यावर ओरडली असती तर...

८ नोव्हें.
हिसक्याचं कारण सापडलं. मोटरचा गोंगाट नॉबच्या तारेत शिरत होता, त्यामुळे कम्पॅरेटर काठावर थरथरायचा. एक रेझिस्टर वाढवून थोडा हिस्टेरेसिस दिला, म्हणजे चालू आणि बंद होण्याच्या पातळीत जरा अंतर ठेवलं. आता गुळगुळीत.
मग सहज नॉबची एक तार काढून पाहिली. चाक पूर्ण वेगात! दादा उतारावर असते आणि तार तुटली असती तर? परवा त्यांना याच खुर्चीत बसवलं होतं मी.

११ नोव्हें.
नॉबचं व्होल्टेज ठरलेल्या हद्दीबाहेर गेलं की चिप मोटर बंद करते. डाव्या हाताशी, दाबताच मोटर बंद करणारा लाल स्विचही लावला. नॉबच्या तिन्ही तारा आळीपाळीने काढून बघितल्या. वीस वेळा. वीसही वेळा मोटर थांबली.
एकविसाव्या वेळेचं काय?
दादांना म्हटलं, अजून आठवडाभर थांबा.
"तुजा आठवडा कंदी संपतच नाय."

१२ नोव्हें., सकाळ
आज ऐकेनात. तळ्याकडे जायचं, एकट्याने. मी चप्पल घालायला लागले तर म्हणाले, "तू मागं येशील तर आमी जात नाय." आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागलं.
सांगितलं, लाल स्विच विसरू नका. मान डोलावली. डाव्या अंगठ्याने नॉब अगदी थोडा फिरवला. खुर्ची उतारावरून सावकाश खाली गेली. कोपऱ्यावर थांबली... मग वळली.

पाऊण तास झाला. त्यांचा फोन खाटेवरच राहिलाय.
आई म्हणते, जाऊन बघ. गेले आणि त्यांनी पाहिलं, तर पुन्हा बाहेर पडणार नाहीत. नाही गेले तर—
चप्पल घातली. काढली.