पंगतीची रील

आई, तुझी नात सध्या माझ्या डोक्यावर मिरे वाटते आहे. तू गेल्यावर बऱ्याच वर्षांनी दादाला झालेली ही मुलगी आता कॉलेजात जाते. मार्चमध्ये चवदार तळ्यावर येणाऱ्या माणसांना आपल्या मंडळाच्या बायका जेवण घालतात, त्याचं तिने इन्स्टाग्रामवर पेज काढलं आहे. मी नको म्हणत होते. पण गेल्या वर्षी भर दुपारी भात संपला. लांबून टेम्पोत उभ्याने आलेली माणसं रिकाम्या पत्रावळी धरून थांबली होती आणि मला त्यांच्यासमोर हात जोडावे लागले. त्या दिवशी तुझी आठवण आली आणि रागही आला. वाडीवाडीतून मूठमूठ तांदूळ गोळा करायची तुझी पद्धत आम्ही सोडलेली नाही, पण नाते गावापासून वरंधपर्यंत मूठ देणारी घरंच कुलपात गेली आहेत. पोरं पनवेलला, ठाण्याला. त्यांच्या दारात पदर पसरायला कोण जाणार? "त्यांचं दार फोनमदी हाय, आत्या," ही म्हणाली.

मग म्हटलं, करूच. ठेवणीतली साडी नेसून, तळ्याकडे पाठ करून मी फोनसमोर उभी राहिले आणि बंधू-भगिनींपासून सुरुवात केली. मंडळ कसं निघालं, तुझे कष्ट, शेवटी आभार. मंडळातल्या झाडून सगळ्या बायकांनी व्हिडिओखाली गुलाबाची फुलं टाकली. आमच्याखेरीज कुणी बघितलं नाही. तुझी नात कपाळावर हात मारून म्हणाली, "तुझे आभार येईपर्यंत कोण थांबायचा नाय गो." त्यावर मंडळाला न विचारता सल्ला देणारे एक निवृत्त भाऊसाहेब म्हणाले, "एखादी म्हातारी घास घेतेय असं दाखवा. डोळ्यांत पाणी असेल तर उत्तम. त्याशिवाय तरुण मुलांचा हात खिशात जात नाही."

माझं मनगट ठणकलं, खरंच सांगते. तळ्यालगतच्या आपल्या परसात चूल धडधडते आहे, मी शाळकरी आहे आणि पंगतीत भराभर जेवणाऱ्या एका बाईकडे टक लावून बघते आहे. तू हातातला डाव माझ्या मनगटावर हाणतेस. "जेवनाऱ्याच्या तोंडाकडं बघू नये. पानाकडं बघ. पान रिकामं दिसलं की वाढ." जिथे आपल्या माणसांना पाण्याला हात लावू दिला नव्हता, तिथे ती ताठ बसून जेवतात, त्यांच्या घासाकडे कुणी बघायचं नाही, हे तू मला नंतर समजावलंस. सगळे उठले की तू बसायचीस. पहिला घास नुसत्या कोरड्या भाताचा, डोळे मिटून.

भाऊसाहेबांना मी सरळ नाही म्हटलं. वाटलं, आता ही पोरगी फुगून बसेल. ती बसली नाही. पत्रावळीच्या उंचीवर फोन धरून तिने नुसता डाव, वाफेचा भात आणि वाढणारे हात घेतले. एक चेहरा नाही. वर तिचा आवाज, "तुमच्या घरची मूठ येऊ द्या, जमलं तर वाढायला या." आणि ज्याने ज्याने काही लिहिलं, त्याला तिने नाव घेऊन उत्तर दिलं. मी विचारलं, एवढी डोकेफोड कशाला? तर म्हणे, "तू दारात गेल्यावर बोलत नायस काय?"

पंगतीच्या दिवशी आली की मुलं. पैसे आले, तांदूळ आले आणि मुलंही आली. पोलादपूरहून आली, थेट पुण्याहूनही. एकजण पांढरी पँट घालून चुलीपाशी. एकीला डाव कसा धरायचा ते माहीत नाही. आमटी वाढायची सोडून सेल्फी. जेवताना स्वतःच्याच पानाचे फोटो, ते चालतं म्हणे. मी दिवसभर इतकी ओरडले की घसा बसला. पण भात संध्याकाळपर्यंत पुरला आणि हात जोडायची वेळ आली नाही.

आता पेजवर लावायला तिला तुझा फोटो हवा आहे. सगळी ट्रंक उपसली. एकही नाही, कारण पंगतीत तू कुणाला कॅमेरा काढूच दिला नाहीस. मतदान ओळखपत्रावर तेवढी आहेस, तीही माझ्यावर खेकसल्यासारखी. या नियमाचा मला आज मनापासून राग आला आहे. हे पत्र तिला दाखवणार नाही, दाखवलं तर त्याचीही रील करेल. तुला कुठल्या पत्त्यावर पाठवू? पण एक सांगायचं आहे. त्या संध्याकाळी सगळे उठल्यावर ती बसली. आमटी बाजूला सारून, डोळे मिटून तिने पहिला घास कोरड्या भाताचा घेतला. तिला हे कुणी शिकवलेलं नाही. तिचं पान रिकामं झालं तरी मी डाव हातात धरून तिच्या तोंडाकडेच बघत उभी होते.