डाव्या नळीचं प्रकरण

हेस्टर,

आज कोबी करू नकोस. म्हणजे तोडायलासुद्धा बागेत जाऊ नकोस. शेकोटीच्या वर भिंतीवर टांगलेली ठासणीची दुनळी बंदूक मी अवजारांच्या खोपटात ठेवली आहे आणि तिचं तोंड कोबीच्या वाफ्याकडे आहे.

तुझ्या आई जेवायला येणार म्हणून सकाळी ती पुसायला काढली. उजव्या नळीत साफसफाईचा गज पार तळाला गेला, डावीत मात्र चार बोटं आधीच अडला. थोडक्यात, डावी नळी भरलेली आहे, बहुधा दीडशे वर्षांपासून.

नवी बंदूक आली की दोन्ही नळ्यांत गज टाकून बघायचा, हे मी पाहुण्यांना नेहमी ऐकवतो. ही आणली तेव्हा एकाच नळीत टाकला, कारण तू बाजारातून यायच्या आत तिला भिंतीवर चढवायचं होतं. तू आल्या आल्या विचारलंस, "ही कधी आली? आणि रिकामी आहे ना?" दोन्ही उत्तरं मी खोटी दिली, त्यातलं एक नकळत.

घोड्याखाली ठिणगी पाडणारी दारूची टोपी बसवल्याशिवाय ती उडत नाही. तरी दर नाताळात आई घोडा ओढून "खेळणंच मेलं!" म्हणतात, ते आठवलं आणि ती तडक खोपटात नेली.

बंदूकवाला टलोक चर्चमध्ये असेल, त्याला घेऊन येतो.

बाकीच्या सहाही तपासल्या, रिकाम्या आहेत. तुझ्या मते त्या पाच आहेत, ठाऊक आहे. त्याबद्दल आईंच्या देखत बोलू, म्हणजे तू जपून बोलशील.

नेव्हिल