हातभर बांध

भाईंदर,
५ ऑक्टोबर १९४८

चि. काळूराम यास गोमाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे खुशाल, असं लिहायची सवय, म्हणून हात तिकडेच वळला. तुझी वहिनी विचारते, इंजिनात कोळसा लोटून हात सोलले असतील, खोबरेल पाठवू का?

शनिवारी, सर्वपित्रीच्या उधाणाला, भरदुपारी खाडीचं पाणी बांधावरून आलं. बांध उघाडीपाशी, पाणी सोडायच्या-अडवायच्या दारापाशी, फुटला. भात पिवळं होत आलं होतं, त्यात खारं पाणी शिरलं. मिठाचे वाफे गाळाने भरले. बाबा उघाडीची फळी दाबून उभे होते. शेजारच्या जोमाने त्यांना ओढून काढलं. छातीत पाणी गेलंय. डॉक्टर म्हणतात, दोन दिवस बघू. हे पत्र जोमाच्याच हाती पाठवतोय, त्याच्याबरोबर निघ.

बाकीचं तो सांगेल. एक गोष्ट त्यालाही ठाऊक नाही.

वैशाखात तुझं पत्र आलं होतं. पेपरातलं तू कळवलंस, की जगभर जळणाऱ्या कोळशाचा धूर हवेत साठतोय, पृथ्वी गोधडीत गुंडाळल्यासारखी तापतेय, उत्तरेकडचा बर्फ वितळतोय, समुद्र चढेल. मला हसू आलं. स्वतः दिवसभर भट्टीत कोळसा लोटायचा आणि आम्हाला शहाणपण शिकवायचं. ऊन वाढलं तर बरंच, म्हटलं, मीठ लवकर पिकेल. शेवटी तू लिहिलं होतंस, "बाबांना सांग, पावसाआधी बांध हातभर वाढवा."

बाबांना अक्षर येत नाही, तुझी पत्रं मीच वाचून दाखवतो. ती ओळ मी वाचली नाही.

विसरलो नव्हतो रे. वाचली असती तर बाबा दुसऱ्या दिवशी चिखलाची पाटी घेऊन बांधावर गेले असते, काळूने सांगितलं म्हणून. वीस वर्षं खाऱ्या पाण्यात पाय मी कुजवले, आणि बांधाची उंची तू भुसावळहून ठरवायची? जळलो मी.

शनिवारचं पाणी धुरामुळे चढलं की अमावास्येमुळे, देव जाणे. बांध हातभर उंच असता तर बाबा खाटेवर नसते, एवढं मला कळतं.

आज सकाळी म्हणाले, "गोमा, कालूचा त्यो कागूद वाच फिरून. त्यानं बांधाचा कायच लिवला न्हाय, असा व्हयाचा न्हाय." कागद सापडत नाही, मी म्हणालो. त्यांनी तो उशाखालून काढून माझ्या हातात दिला.

अजून वाचलेला नाही. जोमा दारात उभा आहे. तो निघाला की आत जाईन आणि त्या ओळीसकट वाचेन. तू येशील तेव्हा बाबा माझ्याशी बोलत नसले, तर त्यांना कारण विचारू नकोस.

थोरला म्हणवून घ्यायची लाज वाटणारा,
तुझा गोमा