फुल बाह्या

प्रिय मोनाली,

तुझं पार्सल मागच्या आठवड्यात नागपूरच्या बसनं आलं. युनिफॉर्मचा हाफ बाह्यांचा शर्ट पाहिला, शिलाई बरी आहे. तू सांगितलं तसं बाह्यांसाठी निळं कापडही आणलं. गोंदियात चार दुकानं पालथी घातली तेव्हा कुठं रंग जुळला. एक तारखेला बिरसीच्या विमानतळावर रुजू व्हायचं, अन् फुल बाह्या जोडून मिळाल्या नाहीत तर जायचंच नाही, हे तू फोनवर किती सहज बोलली. तुझे बाबा म्हणाले, हाती आलेली नोकरी ही पोरगी वीतभर कापडापायी सोडते का. मी शर्ट घेऊन मशीनवर बसली, अन् दोन दिवस नुसती बसूनच राहिली.

वीस वर्षं झाली, कामठ्यातल्या बायांचे ब्लाउज शिवून राहिली मी. कुणी बाही आखूड सांगते, कुणी गळा मोठा, अन् मीच वरून सांगते की घाल बिनधास्त, छान दिसशील. स्वतःचा ब्लाउज मात्र भर मे महिन्यातही मनगटापर्यंत. बाया चिडवतात, टेलरबाईजवळ कापड लय उरते म्हणून. मी हसण्यावारी नेते. तुलाही वाटत आलं की आईची आपली सवय आहे.

तुझ्या कोपरावर पहिला पांढरा डाग आला तेव्हा तू बारा वर्षांची होती. दिवाळीत सालेकशाला शकुंतला आत्याकडे गेली होती. तिनं मायेनं मासोळीचा रस्सा वाढला, अन् वरून पेलाभर दूध दिलं. महिन्याभरात डाग दिसला. आजीनं तेच धरून ठेवलं, मासोळीवर दूध पाजलं म्हणून पोरीला कोड उठलं. पुढच्या राखीला आत्या आली तर आजी तिच्याशी एक शब्द बोलली नाही. त्यानंतर ती आलीच नाही. तू मासोळी सोडली ती सोडलीच, किती आवडायची तुला. अन् मी तुझ्या सगळ्या फ्रॉकांना लांब बाह्या लावल्या. कुणी सांगितलं नव्हतं मला. तू विचारलं काऊन, तर म्हटलं ऊन लागते.

गोंदियाचे डॉक्टर आठवतात ना. त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं की याचा मासोळीशी संबंध नाही, हे कुणाला लागत नाही, कधी कधी घराण्यात असते. घरात आणखी कुणाला आहे का, असं त्यांनी विचारलं. तू माझ्या दंडाला बिलगून बसली होती. मी म्हटलं, नाही. घरी आल्यावर आजीपुढे डॉक्टरचं बोलणं मी काढलं नाही, तुलाही काढू दिलं नाही.

मोनाली, तू ज्या दंडाला बिलगली होती तो दंड बाहीच्या आत पांढराच होता. दोन्ही हात, कोपराच्या खालपर्यंत. लग्नाच्या आधीपासूनचे. तुझ्या बाबांना ठाऊक आहे. नवी नवरी होती तेव्हा त्यांनी एकदाच विचारलं, काऊन लपवून राहिली, मला तं काही वाटत नाही. मीच त्यांना गळ्याची शपथ घातली. आजीला कळलं असतं तर तुझा डाग माझ्या माथी आला असता. त्यापेक्षा आत्याच्या माथी गेलेला मला बरा वाटला. लिहिताना मेल्याहून मेल्यासारखं होते. आजीला जाऊन चार वर्षं झाली, तरी बाह्या सुटल्या नाहीत. आता कुणाला भिऊन राहिली होती, तेही मला सांगता येत नाही.

काल कात्री लावली, ती माझ्या हिरव्या ब्लाउजला. बाह्या कोपराच्या वर कापल्या, दुमडून टीप मारली, अन् बाजारात निघाली. चौकापर्यंत गेली अन् पदर गुंडाळून परत आली. पाणी प्याली, पुन्हा निघाली. भाजीवाली निर्मलाबाई वांगी तोलता तोलता हाताकडे पाहत म्हणाली, कवाचं आहे? म्हटलं, जुनंच. तिनं दोन वांगी वर टाकली. पण आज दोघीजणी माप द्यायला येणार होत्या, त्या आल्या नाहीत. येतील, नाहीतर नाही येणार. सकाळपासून जिवाला चैन नाही, खोटं कशाला बोलू.

शर्ट आला तसाच परत पाठवत आहे. निळं कापड सोबत ठेवलं आहे. तुला बाह्या जोडायच्याच असतील तर नागपुरात टेलर पुष्कळ आहेत, मी रागावणार नाही. पण माझ्या हातून आता ही शिलाई होणार नाही, अन् ती का होणार नाही हे फोनवर सांगायची हिंमत नव्हती, म्हणून हे पत्र. उद्या हाच ब्लाउज घालून सालेकशाला आत्याकडे जात आहे. ती दार उघडते की नाही, पाहू. एक तारखेला बिरसीच्या गेटापाशी उभी राहीन. फुल बाह्यांत यायचं तर तशी ये, पण ये.

तुझीच,
आई